नीलम्मा नावाची आई

मुदखेड,
१८ ऑगस्ट १९८२

श्री. महादेवप्पा यांस,
नीलम्माचे शरणार्थ.

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. पत्रलेखनात मायन्याला एक मार्क असतो, तो फुकट घालवू नका, असं आपण दोघंही पोरांना बजावत आलो. पण पाच वर्षं न बोलणाऱ्या नवऱ्याला काय लिहायचं, ते तुमच्या क्लासच्या नोट्समध्ये नाही आणि माझ्याही नाही. तेव्हा तो मार्क कापा आणि पुढचं वाचा.

लातूर जिल्हा झाला, अभिनंदन. इथं आमच्या शाळेतसुद्धा पेढे वाटले. बाई लातूरच्या, म्हणून वाटायला मलाच लावलं. राखीला सिंधु तुमच्याकडं आली होती, ती काल परतली. बहीण तुमची, पण सासर इथलं, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर, त्यामुळं तुमच्या घरचं मला जे कळतं ते तिच्याच तोंडून. ती सांगत होती, क्लासच्या पाटीवर तुम्ही नवा रंग मारून घेतला आणि खाली लिहिलं, 'जिल्ह्यातील एकमेव इंग्रजी क्लास'. जिल्ह्याचा गुलाल वाळला नाही तोवर तुम्ही जिल्ह्यातले एकमेव झालात. एवढी चपळाई संसारात दाखवली असती तर मी आज हे पत्र लिहीत बसले नसते.

असो. भांडायला लिहिलेलं नाही. शिवकांता दहावीत आहे. मामंजींनी उदगीरचं दुकानवाल्यांचं स्थळ आणलंय, आणि तुम्ही त्यांना सांगितलंय म्हणे, की पोरगी मॅट्रिक पास झाली तर शिकवीन, नापास झाली तर उदगीरला होकार. तुम्ही मामंजींपुढं एवढं तरी बोललात, ऐकून बरं वाटलं. माझं मागणं एकच. ती पास झाली की तिला माझ्याकडं पाठवा. मुदखेडहून नांदेडला रेल्वेनं पोरी रोज कॉलेजला जातात. माझ्या खोलीत तिची खाट मावते, मी माप घेऊन ठेवलंय.

पाच वर्षांपूर्वी इथली नोकरी धरून मी दिवाळीच्या सुटीला घरी आले, तेव्हा तुम्ही दारात आडवे उभे राहिलात आणि म्हणालात, "राहायचं असंल तर राजीनामा दिऊन राहा." मी म्हणाले, मग पोरगी माझ्याबरोबर येईल. तुम्ही म्हणालात, पोरगी इथंच राहील. मामंजी आत मुद्दाम खोकत होते. मी संध्याकाळच्या एस्टीनं परत आले. त्याबद्दल आज मला काही म्हणायचं नाही. फक्त मी तिला लिहिलेली पत्रं तिच्या हातात पडतात की नाही हे कळत नाही, म्हणून हे तुम्हाला.

नीलम्मा


मुदखेड,
२० नोव्हेंबर १९८२

श्री. महादेवप्पा यांस,

उत्तर आलं नाही, ते अपेक्षितच होतं.

पावसानं यंदा तोंड काळं केलं. आमच्या शाळेच्या आडात पोहरा टाकला की चिखल वर येतो. अर्धा वर्ग आईबापांच्या मागं खडी फोडायला गेलाय. हजेरी घेताना मी नावं वाचते आणि पोरं आपली सांगतात, बाई, कामावर गेलाय. लातूरचं त्याहून वाईट, असं सिंधु म्हणाली. दिवाळीला ती तुमच्याकडं चार दिवस राहून आली. आल्या आल्या पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाली, "वैनी, पोरगी लई वाळून गेली. पहाटपासून ट्यांकरच्या लाइनीत उभी राहून राहिली. तिकडं बाप शिकवतोय अन् हिकडं ही घागर धरून."

तुमचा क्लास सकाळी सहाला आणि टँकरही सहाला. गावातल्या सगळ्या पोरांना तुम्ही इंग्रजी शिकवता आणि ते घरातल्या पोरीच्या कानावर पडत नाही. पाण्याला दुसरं कुणी जात नाही का? मामंजींना गुडघे आहेत, मान्य. तुमचे तर धड आहेत.

दुसरं असं, की या वर्षी तुम्ही 'माझी आई' निबंध नव्यानं लिहून दिलाय म्हणे. पोरी लिहून घेताना डोळे पुसतात. सिंधुला इंग्रजी येत नाही, त्यामुळं आत काय आहे ते तिला सांगता येईना. चुलीपुढं बसून आपण नोट्स काढायचो ते तुम्हाला आठवत असेल तर आठवेल. व्याकरण तुमचं, निबंध माझे. 'आमचं गाव' जमलं, 'बाजाराचा दिवस' जमला, 'माझी आई'वर मात्र दर वर्षी भांडण. मी म्हणायची, ज्याची त्याला स्वतःची आई लिहू द्या. तुम्ही म्हणायचात, "त्याला त्याच्या मायचं इंग्रजी येतंय का? त्याला एक तयार माय दे. अन् शेवटाला रडव. तपासणाऱ्याचा हात सैल होतोय." मी हसायची, आणि तुम्हाला राग यायचा.

मग या वेळी कुणाची आई धरलीत? तुमच्या आईंना तर मी पाहिलंय. त्यांच्यावर लिहून पोरी रडायच्या नाहीत, घाबरतील.

चेष्टा केली. राग मानू नका. शिवकांताला क्लासला बसवा.

नीलम्मा


मुदखेड,
१२ फेब्रुवारी १९८३

श्री. महादेवप्पा यांस,

तुमचं कार्ड पोचलं. "पोरीचा अभ्यास बाप बघून राहिला. काळजी नसावी." एवढंच. पाच वर्षांत पहिल्यांदा तुमचं अक्षर पाहिलं, म्हणून कार्ड दोनदा वाचलं. दोन्ही वेळा तेवढंच होतं.

पण काळजी आहे. सराव परीक्षेत ती इंग्रजीत काठावर निघाली. वाक्यं रचता येत नाहीत, काळ कळत नाहीत, पाठ केलं तेवढं लिहिते. तिचा दोष नाही, वर्षभर ती पाण्याला जुंपलेली. मी रजा टाकते. पंधरा दिवस लातूरला येते. तुमच्या घरी येणार नाही, तुमच्या काकूंकडं उतरेन. रोज दोन तास पोरीला पाठवा. मी तिला तुमच्याविरुद्ध एक शब्द सांगणार नाही. मला काय सांगायचंय ते मी तुम्हाला इथून सांगतेच आहे.

एक बातमी. यंदा मॅट्रिकचे इंग्रजीचे पेपर तपासायला मला नेमलंय. एप्रिलमध्ये नांदेडला. कुठले पेपर कुणाला येतात ते तपासणाऱ्याला सांगत नाहीत, नुसते नंबर असतात. त्यामुळं वशिल्याची स्वप्नं बघू नका, आणि मीही बघत नाही.

रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. तुमचं उत्तर आलं की देते.

नीलम्मा


नांदेड,
१७ एप्रिल १९८३

श्री. महादेवप्पा यांस,

तुमचं उत्तर आलं नाही आणि मी रजा टाकली नाही. आता त्याचा उपयोगही नाही.

जे लिहिते आहे ते तपासनिसानं लिहायचं नसतं. वाचा आणि चुलीत घाला.

काल सकाळी नवा गठ्ठा फोडला. निबंधाला दोन विषय होते, 'माझी आई' किंवा 'मी पाहिलेला क्रिकेटचा सामना'. दुष्काळात खडी फोडणाऱ्या पोरांनी कुठला क्रिकेटचा सामना पाहिलेला? सगळ्यांनी आईच लिहिली. पहिल्या पेपरात पहिलंच वाक्य, 'माय मदर्स नेम इज नीलम्मा.' मला मौज वाटली. माझ्या नावाची आहे कुणीतरी, म्हटलं. ती उंच आहे, सडपातळ आहे. ती पहाटे उठून लिंगपूजा करते. ती सगळ्यांना वाढून झाल्यावर उभ्या उभ्याच भाकरी खाते. हसताना तोंडावर हात धरते, कारण तिचा पुढचा दात तुटलेला आहे. चुलीपुढं बसून ती आम्हाला इंग्रजी शिकवते, आणि रागावली की कन्नडमध्ये बोलते.

माझा हात आपोआप तोंडावर गेला.

दुसरा पेपर घेतला. नीलम्मा. तिसरा, चौथा, पाचवा. अक्षरं वेगवेगळी, आई एकच. तुम्ही दिलेलं नाव बदलून आपल्या आईचं घालायचं असतं, हे तुम्ही पोरांना सांगायचं विसरलात, किंवा त्यांनी ऐकलं नाही. पोरांनी मला जशीच्या तशी घोकली आणि नेऊन पेपरात मांडली. तुम्ही मला बघत होतात तर. सोळा वर्षांत एकदा तरी बोलला असतात. मी उभ्यानं जेवते हे तुमच्या लक्षात आलं होतं, तर बैस म्हणायचं होतंत.

आणि प्रत्येक पेपरात शेवटची ओळ अशी, की माझी आई आता या जगात नाही, मी दहा वर्षांची मुलगी असताना ती वारली, आणि मी रोज तिची वाट बघते. मुलग्यांनीसुद्धा 'मुलगी' असंच लिहिलंय. तेही बदललं नाही.

महादेवप्पा, मला मारलंत ते मार्कांसाठी की मनापासून, एवढं तरी मला कळवा. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मी सोसेन. पण कुठलं ते कळू द्या.

पुढचं ऐका, कारण त्यात तुमच्या क्लासचं आहे. आमचे मॉडरेटर हणमंतराव म्हणून देगलूरकडचे मुख्याध्यापक आहेत, निवृत्तीला आलेले. त्यांनी माझ्या टेबलावरचे पेपर चाळले आणि म्हणाले, "बाई, गठ्ठाच्या गठ्ठा एका साच्यातला हाय. ही सरळ कापी हाय. रिपोर्ट करा. निकाल राखून ठेवतील." म्हणजे तुमच्या सगळ्या पोरांचं वर्ष गेलं असतं. मी त्यांना समजावलं, की कॉपी केलेल्यांच्या चुका सारख्या असतात, इथं चुका ज्याच्या त्याच्या आहेत. एकानं भाकरी गाळली, एकीनं दात दोनदा तोडला, एकाची ओळ खालची वर गेली. ही घोकंपट्टी आहे, आणि घोकंपट्टीला शिक्षा नाही. त्यांना पटत होतं, पण सही करायला हात उचलेना. म्हणाले, "तुमी येवढं खातरीनं कसं सांगून राहिले?"

मी म्हणाले, "ही नीलम्मा मीच आहे, सर. लिहून देणारे माझे मालक आहेत."

आसपासच्या टेबलांवरची पेनं थांबली. हणमंतरावांनी चष्मा पुसला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "अन् हे?"

मी म्हणाले, "तेवढं चुकलंय. त्याचा मार्क कापा, बाकीचे द्या."

त्यांनी माठातलं पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं. या दिवसांत इथं पाणी कुणी कुणाला सहज देत नाही. तुमच्या पोरांचा गठ्ठा सुटला, काळजी करू नका. काल हॉलमधल्या सगळ्यांना कळलं की मला नवऱ्यानं टाकलंय आणि कागदावर जाळलंयही. जाळलंय म्हणाले, आपल्यात पुरतात. सवयीनं लिहिलं गेलं.

आता जे सांगायला मी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

हणमंतराव येण्याच्या आधी त्याच गठ्ठ्यात मला एक पेपर लागला. अक्षर बघताक्षणी कळलं. कॅपिटल एमला पहिल्या काठीवर छोटीशी गाठ. ती गाठ मीच तिला पाटीवर शिकवली होती. वर मथळा, 'माय मदर'. खाली माझ्या नावाची ओळ. त्या ओळीवर एक आडवी रेघ. आणि मग पान कोरं. पुढचंही कोरं. क्रिकेटचा सामनाही लिहिलेला नाही.

बाकीच्या प्रश्नांची बेरीज मी तीनदा केली. ती नापास होते. निबंधाचे सहा मार्क, जे त्या गठ्ठ्यातल्या ढ पोराला पण पडलेत, ते असते तर पास होती. माझ्या हातात पेन होतं. कुणी बघत नव्हतं. तिचं अक्षर मी घडवलंय, मला ते हुबेहूब काढता येतं. दहा ओळी लिहायला मला पाच मिनिटं लागली नसती, आणि त्या बाईची माहिती माझ्याइतकी कुणाला असणार?

मी शून्य घातलं. कोऱ्या कागदावर दुसरं काही घालता येत नाही. हणमंतरावांना नंतर सांगितलं की हा पेपर माझ्या मुलीचा आहे, मी याला हात लावायला नको होता. त्यांनी तो स्वतः पुन्हा तपासला. म्हाताऱ्या माणसानं खूप शोधलं. कुठं अर्धा, कुठं अर्धा करून एक मार्क वाढवला. तरी पुरले नाहीत. मग त्यांनी सही केली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

निकाल जूनमध्ये लागेल, पण मला तो आजच ठाऊक आहे. म्हणून पाया पडते, उदगीरला शब्द देऊ नका. ऑक्टोबरची परीक्षा आहे. चार महिने पोरगी माझ्याकडं द्या. शब्दाला जागू नका, एवढ्या एका वेळी.

माझ्या नावावर तिनं रेघ का मारली, हे मला कळत नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर तेही कळवू नका.

नीलम्मा


मुदखेड,
२६ जून १९८३

चि. शिवकांता,

हे पत्र सिंधुआत्याच्या हातून येतंय, म्हणजे तुझ्या हातात पडेल. आधीच्या पत्रांचं काय झालं ते मी विचारत नाही.

निकाल लागला त्या दिवशी आत्या तिकडंच होती. इथं येऊन तिनं मला सगळं सांगितलं. अप्पांनी तुला रागावून विचारलं, की एवढा पाठ करून दिलेला निबंध, तो तेवढा का सोडलास? तू मग म्हणालीस, "माय जिती हाय. जित्या माणसाला मेलं म्हनून लिहू न्हाई." आणि घागर घेऊन पाण्याला गेलीस. आत्या म्हणाली, तुझ्या अप्पांनी त्यानंतर त्या दिवशीचा क्लास घेतला नाही. खडू हातात धरून नुसते बसून राहिले.

दोन महिने मला वाटत होतं, की ती रेघ तू माझ्यावर मारलीस. आत्या बोलली तेव्हा मी भाकरी थापत होते. पीठ तसंच राहिलं. मी इतकी रडले, की शेजारच्या बसम्मा धावत आल्या, लातूरला कुणी गेलं का, म्हणून. मी म्हणाले, नाही, लातूरला एक बाई जिवंत निघाली.

मला कळतंय गं काय झालं असेल. पाठ केलेलं मध्येच थांबवता येत नाही. एक ओळ लिहिली की तिच्या मागून दुसरी येते, आणि शेवटी ती ओळ येणारच होती. म्हणून तू पहिल्याच ओळीला थांबलीस. बाकीच्या वर्गातल्या एकाला पण हे सुचलं नाही. त्यांची काय चूक, त्यांची ती आई नव्हती.

लग्नाची तारीख धरल्याचं कळलं. आषाढ लागायच्या आत, म्हणजे आता फार दिवस नाहीत. मी तुझ्या अप्पांना पाच पत्रं लिहिली, शेवटचं परवा. त्यात मी भांडले नाही, टोमणाही मारला नाही. त्यावरूनच त्यांना कळेल की मी किती घाबरलेली आहे. उत्तर येईल असं वाटत नाही. ते वाईट नाहीत, शिवू. त्यांना मामंजींपुढं एकदाच बोलता येतं, आणि ते एकदा झालं.

तुझ्या लग्नाला मी येणार आहे. बोलावलं नाही तरी येणार. मांडवात कुणी विचारलं, ही बाई कोण, तर अप्पांनी काही सांगायला नको. क्लासची पोरं पंगतीला वाढायला असतीलच. ती मला बघून ओळखतील, त्यांनी मला पाठ केलंय. मी उभी राहीन, अक्षता टाकीन आणि हसताना तोंडावर हात धरीन.

पण त्याआधी माझं एक ऐक. या पाच वर्षांत मी तुला काही शिकवू शकले नाही, एवढं एक शिकवते.

तू चुकलीस. असं करायचं नव्हतं. माझ्यासाठी तू जे केलंस त्यानं माझा जन्म सार्थकी लागला, आणि तुझा उदगीरच्या दुकानात चालला. हा सौदा मला मंजूर नाही. मी इथं मुदखेडात खाऊन पिऊन धडधाकट आहे. शाळेच्या पोरी मला भितात, कालच एकीचा कान धरला. कागदावर दहा ओळी लिहिल्यानं मी मरणार नव्हते. तुला वाटलं असेल, लिहिलं की खरं होतं. नाही होत. मी तेच चाळीस पेपरांत वाचलंय आणि त्यानंतर रात्रीचा भात खाल्लाय.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म या पत्रासोबत आहे. फी भरलेली आहे, तुझी सही तेवढी हवी. लग्न झालं तरी बस. सासरी सांग, नको म्हणाले तर माहेरी जाते म्हण आणि बस. उदगीरच्या शाळेत सेंटर असतं, आत्या तुला घेऊन जाईल. बाकीच्या प्रश्नांचं मी बघते, दर आठवड्याला टपालानं आत्याच्या नावानं पाठवीन. निबंध मात्र तोच येऊ शकतो, ऑक्टोबरला मार्चचाच विषय बऱ्याचदा देतात. आला तर नीट ऐक. माझं नाव लिही, माझा दात लिही, भाकरी लिही. शेवटच्या ओळीला पोचलीस की हात थांबवू नकोस.

या वेळी मला मार, बाळा, आणि पास हो.

तुझी,
आई